पावती हातात आहे, नाव यादीत आहे का?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे मतदान. आमच्या भागातल्या मतदान केंद्राबाहेर एक मुलगी बराच वेळ थांबून होती. तिचे हे पहिलेच मतदान. मोबाइलमध्ये अर्जाची पावती होती, त्यावर संदर्भ क्रमांकही होता. टेबलावरच्या कार्यकर्त्यांनी यादी दोनदा चाळली, शेजारच्या भागांच्या याद्याही पाहिल्या. नाव कुठेच नव्हते. सप्टेंबरमध्ये एका सायबर कॅफेत तिने ऑनलाइन अर्ज भरला होता. पत्त्याच्या पुराव्याचा फोटो पुसट निघाला होता, म्हणून अर्ज नामंजूर झाला. तसा संदेशही गेला होता, पण अर्जात मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा होता. ती मत न देता घरी गेली.

ऑनलाइन सोयीने तहसील कार्यालयाच्या खेपा वाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. गेली काही वर्षे मी लोकांना हे अर्ज भरायला मदत करतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. ‘सबमिट’चे बटण दाबल्यावर अर्ज सुरू होतो. यादीत स्वतःचे नाव डोळ्यांनी पाहिल्यावरच तो संपतो. या दोन टप्प्यांच्या मधली वाट कशी चालायची, ते या लेखात सांगतो.

कार्ड वेगळे, यादी वेगळी

मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. ओळखपत्र फक्त ‘यादीतली ती व्यक्ती मीच’ एवढे सिद्ध करते. कार्ड घरी राहिले तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट अशा निवडणूक आयोगाने मान्य केलेल्या दुसऱ्या ओळखपत्रावर मत देता येते. उलट कार्ड खिशात असून नाव वगळले गेले असेल, तर मत देता येत नाही. घरी येणारी मतदार चिठ्ठीही २०१९पासून एकट्याने ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नाव नीट नोंदले जाण्याची लढाई आपल्या पहिल्या निवडणुकीइतकीच जुनी आहे. १९५१-५२च्या त्या निवडणुकीच्या वेळी अनेक भागांत स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले. अशा नोंदी स्वीकारायला पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. मतदार म्हणजे स्वतःच्या नावाने उभी असलेली व्यक्ती, हे तेव्हा ठरले. मतदार ओळखपत्र १९९३मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात आले, मतदानाचे वय २१वरून १८ झाले ते ६१व्या घटनादुरुस्तीने. २०१५मध्ये राष्ट्रीय मतदार सेवा पोर्टल सुरू झाले आणि हे काम घरबसल्या होऊ लागले. मोबाइलवर ठेवता येणारे ई-ओळखपत्र २०२१च्या राष्ट्रीय मतदार दिनी, २५ जानेवारीला आले.

आधी शोधा, मग भरा

कोणताही अर्ज उघडण्याआधी आयोगाच्या मतदार शोध सुविधेत आपले नाव शोधा. ओळखपत्रावरचा क्रमांक म्हणजे तीन इंग्रजी अक्षरे आणि सात अंक. तो असेल तर काम मिनिटभराचे. नसेल तर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि जिल्हा देऊन शोधा. सापडले नाही तर स्पेलिंग बदलून पुन्हा पाहा. ‘नाव नाही’ म्हणून नवा अर्ज भरणाऱ्या अनेकांचे नाव यादीत वेगळ्या स्पेलिंगने असते.

नाव सापडले की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक या तीन गोष्टी लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक कामाला त्या लागतात.

कोणासाठी कोणता अर्ज

१ ऑगस्ट २०२२पासून नमुने सुटसुटीत झाले आहेत.

नमुना ६ – पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी.
नमुना ६अ – परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी.
नमुना ७ – नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी.
नमुना ८ – घर बदलल्यास, नोंदीत चूक असल्यास, कार्ड हरवल्यास किंवा दिव्यांग म्हणून नोंद करायची असल्यास.
नमुना ६ब – यादीत असलेल्या मतदाराने स्वेच्छेने आधार क्रमांक कळवण्यासाठी.

सगळ्यांत जास्त चूक होते ती नमुना ६ आणि नमुना ८ यांत. घर बदलले की माणूस सरळ नमुना ६ भरतो, कारण त्याला नवीन ठिकाणी ‘नवीन नाव’ घालायचे असते. पण तो अर्ज पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याचा. तसे प्रतिज्ञापन त्यात असते आणि त्याखाली आपली सही असते. यातून नाव दुबार होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही, एकाच मतदारसंघात दोनदाही असू शकत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घर बदलले तर नमुना ८, मग नवे घर शेजारच्या गल्लीत असो की दुसऱ्या राज्यात.

वर्षात चार दारे

पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१च्या कायदादुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. १५ फेब्रुवारी २००८ला जन्मलेली मुलगी १५ फेब्रुवारी २०२६ला अठरा वर्षांची होते आणि १ एप्रिल २०२६च्या तारखेवर पात्र ठरते. जुन्या नियमाने तिला १ जानेवारी २०२७ची वाट पाहावी लागली असती.

सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. बारावीच्या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. दाखले, गुणपत्रिका, प्रवेशाचे कागद यांची जमवाजमव घरात चालूच असते. त्याच आठवड्यात हा अर्जही भरून टाका.

निवडणूक जाहीर झाल्यावर बघू, असे म्हणू नका. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही आणि आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. २०२४च्या विधानसभेचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, उमेदवारीची मुदत २९ ऑक्टोबर होती आणि मतदार नोंदणीसाठी १९ ऑक्टोबरपर्यंतचाच वेळ उरला होता. चार दिवसांत कागद गोळा करणाऱ्याची धांदल होते आणि धांदलीत अर्ज चुकतात.

कागदांची तयारी

वयासाठी जन्मदाखला, दहावी किंवा बारावीचे जन्मतारीख असलेले प्रमाणपत्र, पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना, आधार यांपैकी एक लागतो. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, पासपोर्ट, आधार, जमिनीचे महसुली कागद, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांपैकी एक. कागद आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या नावावर असला आणि त्यांचे नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल, तरी चालतो. भाड्याने राहणाऱ्यांनी साध्या कागदावरच्या करारावर विसंबू नये, तो नोंदणीकृत असावा.

आधार नाही म्हणून नमुना ६ थांबत नाही. क्रमांक नसल्याचे अर्जातच नमूद करता येते. आधार देणे बंधनकारक नाही, हे आयोगाने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितले आहे. ऑनलाइन अर्जाला मात्र सप्टेंबर २०२५पासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-स्वाक्षरीची पायरी आली आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी कागदी अर्ज बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, देण्याचा रस्ता खुला आहे.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर नाव ठेवता येते किंवा शिक्षणसंस्थेच्या प्रमाणपत्रावर वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवता येते. दोन्हीपैकी एकच. ज्यांना घरच नाही, त्यांचाही हक्क शाबूत आहे. ती व्यक्ती सांगितलेल्या जागी रात्री झोपते का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचे असते आणि त्यासाठी कागदाचा पुरावा मागायचा नसतो.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोर. कागदाचा फोटो उजेडात, सपाट ठेवून काढा आणि अपलोड करण्याआधी मोठा करून वाचा. तुम्हाला वाचता आला नाही, तर अधिकाऱ्यालाही वाचता येणार नाही.

पडद्यावर चुकणाऱ्या तीन जागा

पहिली जागा, मोबाइल क्रमांक. तो स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचाच असावा. सेवा केंद्रात किंवा दुकानात अर्ज भरून घेतलात तरी ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे. घरात एकच फोन असेल तर तोच सर्वांसाठी चालेल.

दुसरी, विधानसभा मतदारसंघ. पिनकोड किंवा पोलीस ठाणे यांवरून तो ठरत नाही. खडकवासला हे नाव ऐकून अनेकांना ते फक्त गाव वाटते, पण पुणे शहराचीही मोठी वस्ती त्या मतदारसंघात आहे. खात्री नसेल तर शेजाऱ्याचा ओळखपत्र क्रमांक शोधून त्याचा मतदारसंघ आणि भाग पाहा. घरातल्या कोणाचे नाव आधीच यादीत असेल तर त्यांचा क्रमांक अर्जात द्या. त्यामुळे कुटुंब एकाच भागात राहते.

तिसरी, नावाची मराठी अक्षरे. इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचे मराठी रूप पोर्टल आपोआप दाखवते आणि तिथे ‘काळे’चे ‘काले’, ‘दळवी’चे ‘दालवी’, ‘डांगे’चे ‘दांगे’ होते. ळ आणि ल, ड आणि द, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतला फरक इंग्रजी अक्षरांना कळत नाही. मराठी चौकटीत जाऊन नाव हाताने दुरुस्त करा. वडिलांचे नाव, गावाचे नाव, गल्लीचे नावही तपासा. ज्या देशात एकेकाळी स्वतःच्या नावाअभावी लाखो स्त्रियांची मते गेली, तिथे आज दोन मिनिटे देऊन आपले नाव शुद्ध लिहून घेणे आपल्याच हातात आहे.

सबमिट केल्यानंतर

अर्ज गेल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक वहीत लिहा, फोटो काढून ठेवा. पुढे अर्ज तीन हातांतून जातो. आधी तो तुमच्या भागाच्या बीएलओकडे येतो. हे काम बहुतेक वेळा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी आपल्या रोजच्या नोकरीसोबत करतात. ते घरी येऊन पडताळणी करतात. मग सहायक मतदार नोंदणी अधिकारी, बहुधा तहसीलदार, कागद तपासतात आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. मंजुरीनंतर नाव यादीत चढते, कार्ड टपालाने येते. यादीत नोंद झाल्यापासून १५ दिवसांत कार्ड पोहोचवण्याची पद्धत आयोगाने जून २०२५मध्ये जाहीर केली आहे.

दर आठवड्याला संदर्भ क्रमांक टाकून अर्जाची स्थिती पाहा. बीएलओ आले तेव्हा दार बंद होते, शेजाऱ्याने ‘इथे असे कोणी राहत नाही’ सांगितले, एवढ्यावर अर्ज अडकतो. मोठ्या सोसायटीत राहत असाल तर सुरक्षा रक्षकाला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. बीएलओचे नाव आणि क्रमांक पोर्टलवर सापडतो. दोन-तीन आठवडे हालचाल नसेल तर त्यांना फोन करा आणि नीट, आदराने बोला. त्यांच्या डोक्यावर शेकडो घरे असतात. १९५० या क्रमांकावरही चौकशी आणि तक्रार करता येते.

अर्ज नामंजूर झाला तर खचू नका. कारण वाचा. कागद अपुरा असेल तर तो जोडून नवा अर्ज करा. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तुमच्या नावावर कोणी हरकत घेतली, तर तुम्हाला नोटीस देऊन तुमचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे. अशी नोटीस टाळू नका, दिलेल्या दिवशी कागद घेऊन हजर राहा.

सासर, गाव आणि बदलीचे घर

लग्न झालेल्या बहुतेक मुलींचे नाव माहेरच्या यादीत राहून जाते. पत्ता बदलायचा तर नमुना ८मध्ये ‘स्थलांतर’ निवडा. आडनावही बदलले असेल तर तो ‘दुरुस्ती’चा भाग आहे आणि एका अर्जात एकच पर्याय निवडायचा असल्याने ही दोन कामे दोन अर्जांत करावी लागतात. आडनाव बदलणे मुळीच सक्तीचे नाही. माहेरचेच नाव ठेवायचे असेल तर फक्त स्थलांतर पुरेसे आहे.

मुंबईतल्या चाकरमान्याचा प्रश्न वेगळा. कोकणात घर आहे, गणपतीला आणि शिमग्याला जाणे आहे, मन तिथेच आहे. पण कायदा ‘सर्वसाधारण रहिवासी’ कोण हे पाहतो आणि केवळ घराची मालकी असणे त्याला पुरत नाही. आपण जिथे नेहमी राहतो, तिथे नाव ठेवायचे. गावी आणि मुंबईत दोन्हीकडे नाव असेल तर एक काढून टाका, कोणी तक्रार करण्याआधी.

याच कायद्याची दुसरी बाजू ऊसतोड कामगारांच्या उपयोगाची आहे. कारखान्यांच्या हंगामात बीड जिल्ह्यातली कुटुंबे महिनोन्‌महिने गावाबाहेर असतात. तात्पुरत्या कामासाठी बाहेर गेल्याने कोणी रहिवासी असण्याचे थांबत नाही. ‘घर बंद आहे’ या कारणावरून नाव काढायची भाषा झाली, तर ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शेजाऱ्यांनी हे आवर्जून सांगितले पाहिजे.

घरातले माणूस गेल्यावर त्याचे नाव काढणे जड जाते. कार्ड देवघरातल्या फोटोमागे राहते, यादीतले नाव तसेच राहते. दिवसकार्य झाले की मृत्यूचा दाखला जोडून नमुना ७ भरा. त्या नावावर दुसरे कोणी मत देऊ नये, ही गेलेल्याच्या नावाची राखणच आहे.

ज्येष्ठांसाठी आणखी एक सोय आहे. ८५ वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला नमुना १२ड भरून घरून मत देता येते. पण दिव्यांग म्हणून यादीत नोंद आधी हवी. ती नमुना ८ने आजच करून ठेवता येते.

परदेश, पालिका आणि पदवीधर

परदेशात नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेले, भारतीय पासपोर्ट असलेले आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेले मराठी लोक नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नोंदणी करू शकतात. मत मात्र मूळ पासपोर्ट घेऊन त्या केंद्रावर प्रत्यक्ष येऊनच द्यावे लागते.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो आणि ती प्रभागांत विभागतो. त्या यादीत नवे नाव थेट घालता येत नाही. त्यामुळे पालिकेला मत द्यायचे असेल तर विधानसभेच्या यादीतच वेळेत नाव हवे. प्रारूप प्रभाग यादी लागली की आपण योग्य प्रभागात आहोत ना, हे हरकतींच्या मुदतीत पाहा.

पदवीधर मतदारसंघाची यादी निराळी आणि ती दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून यंदा असेल, असे समजू नका.

गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५पासून विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची घरोघर फेरतपासणी, झाले. त्यात मतदारांना २००२च्या यादीशी आपला किंवा आईवडिलांचा दुवा दाखवावा लागला. यातून सगळ्यांनीच एक सवय घ्यावी. आईवडिलांच्या जुन्या यादीतल्या नोंदीचे पान शोधून घरच्या कागदपत्रांत ठेवावे.

सावध राहा

हा अर्ज विनामूल्य आहे. पोर्टलचा पत्ता ‘व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन’. शेवट ‘गव्ह डॉट इन’ने होतो ना, हे पाहूनच माहिती भरा. आयोगाने आपली निरनिराळी ॲप एकत्र आणण्यासाठी काढलेले ईसीआयनेट हे ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. ‘तुमचे नाव कापले जाणार आहे, ही फाइल उघडा’ असा संदेश आला तर फाइल उघडू नका. फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नका.

त्या मुलीने मतदानानंतर पुन्हा अर्ज केला. या वेळी स्वतःच्या क्रमांकाने. विजेचे बिल खिडकीजवळच्या उजेडात ठेवून फोटो काढला, आडनावातला ‘ळ’ हाताने टाइप केला, दर रविवारी अर्जाची स्थिती पाहिली. काही आठवड्यांनी ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. कार्ड अजून आले नव्हते. पुरवणी यादीचे पान उघडून तिने बोट ठेवले आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक, मग आपले पूर्ण नाव मोठ्याने वाचले. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव असेच शोधा आणि मोठ्याने वाचून घ्या.